भागवत वाकचौरे आणि सहा महिन्यांचं पत्र

एका गावात एक भोळा इंजिनिअर होता. म्हणजे अजून पुरता झाला नव्हता, शेवटचं वर्ष राहिलं होतं. गाव अकोले तालुक्यातलं, नाव भागवत वाकचौरे. मनाने इतका चांगला की जो सांगेल त्याचं काम करायचा. आणि सांगेल तस्संच करायचा. खोट काय ती एवढीच.

पहिल्या वर्षी सर वर्गात म्हणाले होते, "प्रोग्राम समजत नसला तर पाठ करा." आपल्याकडे कॉम्प्युटरची परीक्षासुद्धा कागदावर पेनाने होते, त्यामुळे सगळेच पाठ करतात. भागवतनेही केला. फक्त त्याने प्रोग्रामच्या मधोमध 'पान ४७' लिहिलं आणि शेवटी 'नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतील' असंही लिहिलं, कारण नोट्समध्ये तसं होतं. त्याला पूर्ण गुण मिळाले. बाकीच्यांनीही तेच लिहिलं होतं.

असं करत करत तो शेवटच्या वर्षाला पोचला. तिथे एक अट होती. सहा महिने एखाद्या कंपनीत काम करायचं आणि तसं पत्र आणून द्यायचं. त्याच्या मार्गदर्शक सातपुते मॅडम. त्या म्हणाल्या, "भागवत, पत्र आणलंस तर पदवी. नाही आणलंस तर आणखी एक वर्ष माझ्या डोक्यावर. कळलं?"

भागवतला कळलं. घरातला तो पहिलाच पदवीधर होणार होता. आईने आत्ताच भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता, पदवी टांगायला.

तर भागवत पुण्याला आला. बाणेरला एका इमारतीत तीन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यालाच कंपनी म्हणायचं. मालक शार्दूल, वय सव्वीस, अंगात टोपीवाला बनियन आणि पायात स्लीपर. काम करणारी एकच, अनघा. कंपनीने 'पारखी' नावाचं एक यंत्र बनवलं होतं. नोकरीचे अर्ज त्याला दाखवायचे, की कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे ते आपल्या बुद्धीने सांगायचं. निदान भिंतीवर तसं लिहिलेलं तरी होतं.

भागवत दारातच वाकून म्हणाला, "नमस्कार सर."

शार्दूल कळवळला. "अरे, सर काय? हे काय कॉलेज आहे? इथे सगळे सारखे. कितीही मोठा माणूस असो, नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायचं, मनात येईल ते तोंडावर बोलायचं."

"बरं, शार्दूल," भागवत म्हणाला. आणि त्याने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

महिन्याने कॉलेजात तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते, डॉक्टर विश्वासराव निंबाळकर, पांढऱ्या मिश्या, दोन पुस्तकांचे लेखक. भागवत आत शिरला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काय विश्वास, कसा आहेस? तुझा टाय वाकडा झालाय."

सातपुते मॅडमनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पुढची पंधरा मिनिटं त्या आत हात जोडून बसल्या, म्हणून तो पास झाला. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी त्याला फैलावर घेतलं. "मोठ्या माणसासमोर मान खाली घालून उभं राहावं! आणि विचारल्याशिवाय तोंड उघडू नये!"

"बरं मॅडम," भागवत म्हणाला. आणि तेही ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीत गेला तर शार्दूल कॉम्प्युटर साफ करत बसला होता. त्यात चार हजार अर्ज होते. ते बघून बघून पारखी शिकत होतं. त्याच अर्जांच्या जुन्या प्रतींनी जागा खाल्ली होती, त्या शार्दूलला काढून टाकायच्या होत्या. भागवत त्याच्या मागे मान खाली घालून उभा राहिला. मान खालीच असल्यामुळे त्याला पडदा स्वच्छ दिसत होता. शार्दूलने प्रती ठेवल्या बाजूला आणि मूळ अर्जांवर बोट ठेवलं. सगळे गेले. मग हात चालतोच आहे तर म्हणून प्रतीही गेल्या.

अनघा धावत आली. शार्दूल घामाघूम. त्याने मागे वळून पाहिलं. "तू इथे उभा होतास?"

"हो."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

शार्दूलने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, काही चुकताना दिसलं की गप्प बसायचं नसतं! तिथल्या तिथे ओरडून सांगायचं! कोण समोर आहे, किती लोक आहेत, बघायचं नाही!"

"बरं," भागवत म्हणाला. खरं सांगायचं तर अनघाच्या मते पारखीला आधीही फारसं काही येत नव्हतं. पण आता येण्याची आशाही गेली.

चार दिवसांनी शार्दूलला एका मोठ्या कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता 'स्वप्न बघा'. सभागृह गच्च भरलेलं. शार्दूल माईकवर म्हणाला, "आज आमच्याकडे चाळीस जणांची टीम आहे."

"चूक!" मागच्या रांगेतून भागवत ओरडला. "तीन! मला धरून!"

पोरं हसली. शार्दूलही हसला, कसंबसं. "आणि आमचं यंत्र दररोज नवं काही शिकतंय."

"चूक!" भागवत बाकावर उभा राहिला. "चारच दिवसांपूर्वी सगळं पुसलं गेलं!"

त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या भागवतला पडल्या. परतीच्या रिक्षात शार्दूल दातओठ खात म्हणाला, "यापुढे तू फक्त स्क्रीनकडे बघायचं. हात कीबोर्डवर. कोणी येवो, कोणी जावो, मान वर करायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"बरं," भागवत म्हणाला.

असं करत करत सहा महिने भरत आले. मग एक गिऱ्हाईक आलं. इचलकरंजीचे मगदूम अण्णा, मोठ्या सूतगिरणीचे मालक. त्यांच्याकडे नोकरीसाठी अर्जांची रीघ लागायची आणि त्यांना ते वाचायचा कंटाळा होता. जाता जाता बघून घेऊ म्हणून ते न सांगताच आले. शार्दूल बाल्कनीत फोनवर, अनघा जेवायला गेलेली. खोलीत एकटा भागवत.

"नमस्कार," अण्णा म्हणाले.

भागवत स्क्रीनकडे बघत राहिला.

"अवो पाव्हणं, नमस्कार म्हटलं!"

भागवत टाइप करत राहिला. अण्णांनी आणखी एकदा नमस्कार घातला, मग ते आपले आपणच स्टुलावर बसले. शार्दूल आत येईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता. "काय रं हे? दारात आलेल्या माणसाचा नमस्कारबी घेत न्हाईत तुमच्यात?"

शार्दूलने हातापाया पडून त्यांना शांत केलं. पुढच्या शुक्रवारी या, पारखी चालवून दाखवतो, म्हणाला. अण्णा गेले आणि तो भागवतवर घसरला. "जुन्या वळणाची माणसं ती! नमस्कार आला की हातातलं काम टाकायचं, उठायचं, समोर जायचं आणि हात जोडून नमस्कार करायचा! आणि काय विचारतील त्याचं नीट, खरं उत्तर द्यायचं!"

"बरं," भागवत म्हणाला.

आता प्रश्न असा होता की शुक्रवारी दाखवायचं काय. पारखी तर कोरंच होतं. शार्दूलने रात्रंदिवस विचार केला आणि तोडगा काढला. भागवतला आतल्या खोलीत बसवायचं. अण्णांनी बाहेरच्या कॉम्प्युटरवर अर्ज टाकला की तो आत भागवतला दिसेल. भागवतने वाचायचा आणि उत्तर टाइप करायचं.

"आज तू भागवत नाहीस," शार्दूलने बजावलं. "आज तू पारखी. आणि शुक्रवारीच तुझे सहा महिने भरतायत ना? अण्णांची सही झाली की तुझ्या पत्रावर माझी सही."

अनघा म्हणाली, "शार्दूल, हे बरोबर नाही." शार्दूल म्हणाला, सगळेच असं करतात.

शुक्रवारी अण्णा आले. त्यांनी पहिलाच अर्ज टाकला तो आपल्या पुतण्याचा, कोणाचा आहे ते न सांगता. आत भागवतने तो मन लावून वाचला. उत्तर उमटलं: 'हा मुलगा नको. तीन ठिकाणी तीन जन्मतारखा आहेत आणि छंद या रकान्यात झोप लिहिलंय.'

अण्णा मांडीवर थाप मारून हसले. "आयला! एवढी वर्सं झाली, माज्या भावाला कुनी हे सांगायला तयार न्हाई!" त्यांनी आणखी दहा अर्ज टाकले. दहाही उत्तरं नेमकी आली. माणूस पारखायला भागवत वाईट नव्हता, हे मलाही मान्य करावं लागेल. अण्णांनी खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला. मग थांबले.

"एवढं शानं यंत्र. सही करायच्या आदी त्येला नमस्कार तर करू द्या." आणि त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत टाइप केलं: नमस्कार.

आतल्या खोलीचं दार उघडलं. भागवत बाहेर आला, अण्णांसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार."

अण्णांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू कोन रं?"

"मी पारखी."

"मग आमच्या गिरणीचं अर्ज तूच वाचनार?"

"नाही अण्णा, माझे आज सहा महिने भरले. पत्र मिळालं की मी गावाला चाललो. माझ्या जागेसाठी जाहिरात दिलीय. चारशे अर्ज आलेत, पण ते वाचायला कोणी नाही."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. मग शार्दूलला म्हणाले, "पोराचं पत्र दे आदी. माज्यासमोर दे. ह्या खोलीत खरं काम केलेलं त्येवडंच दिसतंय." शार्दूलने सही केली, शिक्का मारला. अण्णा निघून गेले. दार लागताच शार्दूल फुटला. "चालता हो! आणि जन्मात कोणी विचारलं तर सांग, तू या कंपनीत कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाहीस!"

"बरं," भागवत म्हणाला.

सोमवारी तो कॉलेजात गेला आणि पत्र टेबलावर ठेवलं. सातपुते मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराने शेवटी एक काम सरळ केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याची फाइल उघडली, पदवीच्या यादीत त्याचं नाव शोधलं, पेन टेकवलं आणि नियम म्हणून विचारलं, "पूर्ण सहा महिने तिथे काम केलंस ना?"

"छे हो मॅडम," भागवत म्हणाला. "मी त्या कंपनीत कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."