मरियमबीची फेरी

आडबंदरला तेव्हा गलबतं लागत होती आणि दर्यावर शिडांखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. बंदराच्या मागे जुनी पेठ होती. पेठेत माणसं राहत आणि माणसांच्या जोडीनं इतरही राहत. जकातीच्या दरवाजापाशी शेंदूर फासलेला राखणदार होता. मधल्या विहिरीत एक बाई होती. वाकून बघणाऱ्याला ती आत ओढते म्हणत. सिद्दी आळीच्या टोकाला चिंचेखाली एक कबर होती आणि ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवेलागण झाली की या जागांवरून कुणी पाऊल टाकत नसे. टाकायचंच झालं तर आधी रवळू घाडीकडे जावं लागे.

रवळू हा गावचा घाडी, म्हणजे देवांशी आणि भुतांशी गावाच्या वतीनं बोलणारा माणूस. तो गाऱ्हाणं घाली, नारळ फोडी, कोंबडा देई, मग माणसं निर्धास्त होत. खाडीच्या काठावरचा दिवा लावायचा मानही त्याचाच. भरदार आवाजाचा, उंच माणूस होता. तो रस्त्यानं निघाला की लोक कडेला होत, आणि ते कडेला झाले की रवळूला बरं वाटे.

त्याला एकच मुलगी होती, शेवंती. ती तापानं फणफणली तेव्हा रवळूनं गावातल्या एकूण एक जागेपुढं गाऱ्हाणं घातलं. मुलगी राहिली नाही. त्या दिवसापासून त्याची बायको आवडी बोलायची थांबली. ती सडासारवण करी, ताट वाढी, पण तोंडातून शब्द काढत नसे. गावाला वाचवणाऱ्या घाडीच्या घरात बोलणं राहिलं नाही. रवळूनंही पोरीचं नाव पुन्हा उच्चारलं नाही.

अशात एके दिवशी एका फुटक्या गलबतातून मरियमबी उतरली. ती सिद्दी होती. तिच्या आजीला कुणी तरी दर्यापलीकडच्या मुलखातून धरून आणलं होतं. मरियमबीकडे सामान म्हणून काय, तर काखेत मावेल एवढं एक ढोलकं. सिद्दी आळीत चिंचेजवळच्या पडक्या खोपटात ती राहिली. शेजारणींनी सांगितलं, “बी, तिथं राहू नको. तिथं आहे कोणी तरी.”

“असू दे की,” मरियमबी म्हणाली. “मलाही सोबत नाही.”

असं म्हणतात की ती रोज संध्याकाळी त्या जागांपाशी जाऊन बसे आणि ऐकत राही. काय ऐकत असे ते तिलाच माहीत. मग एकदा वारा उलटा फिरला आणि परमुलखातले खलाशी बंदरात अडकून पडले. पेठेत शिरायला ते भीत. मरियमबीनं त्यांना हाक मारली, “चला, मी दाखवते कोण कोण राहतं ते.” ढोलक्यावर थाप देत ती पुढं झाली आणि खलाशी भीत भीत मागून गेले. ती पहिली फेरी.

दरवाजापाशी थांबून तिनं सांगितलं, “हा धोंडजी. चाचे आले तेव्हा सगळे पळाले, हा एकटा अडसर धरून उभा राहिला. अजून उभाच आहे. जाताना त्याला नुसतं म्हणा, धोंडजी, येतो रे.” विहिरीपाशी तिनं सांगितलं, “ही साळू. घरी पाहुणे आले म्हणून घाईनं पाण्याला आली आणि पाय सरकला. ती कुणाला ओढत नाही. पाहुण्यांना पाणी मिळालं का, एवढंच विचारते.” चिंचेखालच्या कबरीपाशी मात्र ती आधी बराच वेळ वाजवत राहिली आणि मग बोलली. “हा आमचा. त्याचं खरं नाव दर्यानं पुसलं. माझ्या आजीचे देवही याच्यासारखेच आले. गलबतात त्यांना जागा दिली नाही कुणी, म्हणून ते ढोलक्यात बसून आले.”

खलाशी गेले आणि गावकरी येऊ लागले. पहिल्यांदा बायका आल्या, मग म्हातारे, मग सगळेच. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, “साळूबाय, पाहुण्यांना पाणी मिळालं गो,” आणि निवांत कळशी भरू लागल्या. पेठेतली भीती हळूहळू उठली. भीती उठली तशी रवळूच्या अंगणातली वर्दळही उठली.

रवळूच्या पोटात तेव्हापासून निखारा पडला. कोंबडे येईनात याचं त्याला एवढं नव्हतं. पण तो रस्त्यानं निघाला की लोक आता कडेला होत नव्हते, हसून “काय घाडीनू, बरं ना?” म्हणत होते. ते हसणं त्याला बोचे. तो लोकांना सांगू लागला की ती बाई करणी करते. लोक ऐकत, मान डोलावत आणि संध्याकाळी फेरीला जात. एक म्हातारा नाखवा तर त्याला म्हणाला, “करीत असेल बाबा करणी. पण सांगते किती छान.”

त्या वाक्यानं रवळूची झोप गेली. असं म्हणतात की त्यानं गुपचूप एक ढोलकं आणवलं आणि गोठ्यात बसून तिच्यासारखं बोलून बघितलं. “हा धोंडजी,” तो गाईला म्हणाला. गाय दावं तोडून पळाली. त्यानं ढोलकं फोडून चुलीत घातलं, आणि चुलीपुढं बसलेल्या आवडीनं एक अक्षर न विचारता ते जळू दिलं.

पुढं एका संध्याकाळी रवळू माजघरात पडला होता. ढोलक्याचा आवाज लांबून आला, जवळ आला आणि त्याच्याच दारात थांबला. तो उठून दाराआड उभा राहिला. अंगणात माणसं गोळा झाली होती आणि उंबऱ्यावर आवडी बसली होती. मरियमबी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, “इथं कोण राहतं, ते मला येत नाही सांगता. तू सांगतेस का?”

आवडी बोलली. किती तरी दिवसांनी तिचा आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा. “शेवंती,” ती म्हणाली. “माझी लेक. तिला आंब्याच्या कोयीची पिपाणी करून द्यावी लागायची. बापाच्या खांद्यावर बसून वाजवायची.”

बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. दाराआड रवळू ऐकत होता. आपल्या घरातला पहिला शब्द, ज्याची त्यानं इतके दिवस वाट पाहिली, तो हिनं नेला. आपल्याला जे देवापुढं डोकं आपटून मिळालं नाही ते या परक्या बाईनं जमिनीवर बसून नुसतं विचारलं आणि तिला मिळालं. त्या क्षणी त्याला मरियमबीचा जेवढा हेवा वाटला तेवढा मेलेल्या माणसाला जिवंताचाही वाटत नसेल.

फेरी दारातून पुढं जाई ती शेवटी खाडीत. ओहोटीला खाडीच्या मुखात वाळूचा कडक पट्टा उघडा पडे, त्यावरून चालत दर्यात बुडालेल्यांची जागा मानलेल्या खडकापर्यंत जाता येई. दोन्ही अंगांना चिखल, माणूस गिळणारा. परतताना काळोख पडू लागे आणि पाणी चढू लागे, म्हणून काठावर नेमक्या जागी बांबूवर दिवा असे. दिव्याकडे तोंड ठेवून सरळ आलं की पाय कडक वाळूवरच पडत.

दुसऱ्या दिवशी रवळूनं तो बांबू उपटला आणि लांब खालच्या अंगाला रोवला. लोकांना मारावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. गुडघाभर चिखलात रुततील, कपडे खराब होतील, आणि उद्यापासून त्या बाईच्या मागे कोणी जाणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं दिवा लावला आणि माडांच्या आड बसून मजा बघू लागला.

पण त्या दिवशी माघातलं उधाण होतं, आणि मनातल्या जळफळाटापायी दर्याची भाषा जाणणारा घाडी ते विसरला. खडकाकडून माणसं परत निघाली तेव्हा पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. ती दिव्याकडे वळली आणि पुढची दोघं कमरेपर्यंत खाली गेली. आरडाओरडा झाला. आणि त्या ओरडण्यातून एक आवाज सरळ वर आला.

“रवळू!”

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. आवडीनं ते सगळ्या दर्याला ऐकू जाईल असं घेतलं. आदल्या दिवशी ती दारातच थांबली होती. त्या दिवशी प्रथमच फेरीबरोबर खडकापर्यंत गेली होती.

रवळू उठला तो धावतच. त्यानं बांबू उपटला आणि दिवा उंच धरून पाण्यात शिरला. पण काळोख आणि पाणी एक झालं होतं आणि वाटेचं तोंड त्यालाच सापडेना. असं म्हणतात की तेव्हा कुणी तरी त्याचं बोट धरलं. हात लहान होता आणि गरम होता, ताप असल्यासारखा. तो हात नेईल तसा रवळू गेला, आणि त्याच्या पायाखाली कडक वाळू आली. तिथं तो दिवा डोक्यावर धरून उभा राहिला.

तिकडे मरियमबीनं थाप धरली होती, एकसारखी, पाऊल टाकावं तशी. “एकमेकांचे हात धरा,” ती ओरडली, “आणि माझ्या थापेवर चाला.” जे आले त्यांनी पुढं सांगितलं की त्यांचे हात धरणारे हात जास्त होते. रुतलेल्या दोघांना काखेत घालून बाहेर काढणारा माणूस आडदांड होता आणि त्याच्या अंगाला शेंदराचा वास येत होता. एका म्हातारीला पाठीवर घेणाऱ्या बाईच्या केसांतून विहिरीचं गोड पाणी निथळत होतं. एकूण एक माणूस दिव्यापाशी पोचला. आवडी पोचली. ती रवळूपाशी थांबली नाही, वळून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

ढोलकं अजून वाजतच होतं. सगळ्यांनी हाका मारल्या, “बी, आलो आम्ही! आता ये!” थाप जवळ आली असं वाटलं. मग ती खडकापाशी ऐकू आली. मग खडकाच्या पलीकडे. एकच बाई वाजवतेय असं आता वाटत नव्हतं. जोडीला आणखी कोणी तरी होतं. थाप तशीच, न चुकता, उघड्या दर्यात शिरली आणि तिच्या आजीचा मुलूख जिकडे होता तिकडे निघून गेली. मरियमबी पुन्हा कुणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी चिंचेखालची कबर उघडी आणि रिकामी होती, असं म्हणतात.

काठावर आवडीनं नवऱ्याच्या हातातल्या बांबूकडे पाहिलं. “दिवा तुम्ही हलवलात,” ती म्हणाली.

“हो.”

“का?”

“तू तिच्याशी बोललीस,” रवळू म्हणाला. “माझ्याशी नाही.”

आवडीनं बांबू त्याच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, “उद्यापासून फेरी तुम्ही न्यायची. आणि आपल्या दारात आल्यावर तिचं नाव तुम्ही घ्यायचं.”

रवळूनं नेली. पहिल्या दिवशी दारात त्याचा आवाज फुटेना. लोक वाट बघत उभे राहिले, कोणी गेलं नाही. पुढं तो रोज सांगू लागला आणि चांगलं सांगू लागला. पण फेरी संपली की कोणी तरी हटकून म्हणेच, “घाडीनू, बरं सांगितलंत. पण मरियमबीनं याहून बरं सांगितलं असतं.” प्रत्येक वेळी रवळूच्या कपाळाची शीर उडे. दर्यात गेलेल्या बाईचा तो मरेपर्यंत हेवा करत राहिला आणि मरेपर्यंत तिची फेरी नेत राहिला.

आडबंदरला आता गलबतं लागत नाहीत. तरी माघातल्या उधाणाच्या दिवशी घाडीच्या भावकीतला माणूस पुढं होतो आणि गाव त्याच्यामागून पेठ फिरतं, पाहुण्यांना सोबत घेऊन. धोंडजीला “येतो रे” म्हणतात, साळूला पाहुण्यांचं सांगतात, घाडीच्या उंबऱ्यापाशी शेवंतीचं नाव घेतात. शेवटी खाडीच्या काठावर दर्याकडे तोंड करून सगळे एका सुरात घाडीला म्हणतात, “मरियमबीनं याहून बरं सांगितलं असतं.” घाडीनं त्यावर रागवायचं नसतं. त्यानं मान खाली घालून “असतं” म्हणायचं, आणि मगच गावानं घरी जायचं.