मूठभर चिंचोके

फार पूर्वी, माणूस पोचण्याआधी निरोप पोचवायचा तर तो हवेवरच सोडावा लागे, तेव्हाची ही गोष्ट.

त्या काळी एका राजाने आपल्या राज्यातले आवाजसुद्धा वाटून दिले होते. नगारा गडाचा, तुतारी फौजेची, मोठी घंटा देवळाची. दुसऱ्या कुणाला त्यांतलं काही वाजवायचं तर राजमुद्रेचा परवाना लागे. मात्र डोंगराआडच्या एका दरीबद्दल राजा म्हणाला, "तिथली हवा मोकळी. ज्याला जे वाजवायचं ते वाजवू दे. अटी दोनच. आवाज डोंगर ओलांडून माझ्या गडापर्यंत यायला नको, आणि शेजाऱ्याच्या आवाजाची तक्रार घेऊन दरबारात यायचं नाही."

राजा शहाणा होता. निदान स्वतःची झोप त्याने पक्की सांभाळली.

त्या दरीच्या दोन उतारांवर दोन वाड्या होत्या. एका वाडीत म्हशी होत्या. पठारावर गुरं चारायला गेलेल्या गुराख्यांना तिथले लोक शिंग फुंकून निरोप देत. समोरच्या वाडीत शेळ्या होत्या. ते लोक दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत. दोघांच्या मधून ओढा वाहत होता आणि त्याच्यावर सुपारीच्या दोन खोडांचा साकव होता. साकवाच्या थोडं वर, ओढ्याच्या वळणावर, एक म्हातारी खोप बांधून राही. वरून येणारं पाणी तिला सगळ्यांच्या आधी दिसे. तिच्या दारात पेरूएवढी घंटा टांगलेली होती. पाणी बेताचं असलं की सकाळी एक टोल. पाणी चढतंय असं दिसलं की तीन, म्हणजे साकवावर पाय ठेवू नका.

वाड्या लहान होत्या तोवर सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येई. पुढे म्हशी वाढल्या, शेळ्या वाढल्या, आणि निरोपही वाढले.

शिंगवाल्यांच्या थोरल्या घरात नवी सून आली, ती समोरच्या शीळवाल्यांच्या वाडीतली. अबोल पोर. माहेरी ती सबंध ओढ्याचा उतार एका शिळेत हलवी, पण सासरच्या उंबऱ्यातच सासूबाईंनी सांगितलं, "सूनबाई, आपल्या घरात बायकांनी शीळ घालायची नाही. शोभत नाही."

"बरं," सून म्हणाली.

त्या घरात फुंकायचं काम पुरुषांचं होतं. फुंकून झाल्यावर पठारावरून काय उत्तर आलं ते ऐकायचं काम मात्र कुणालाच नको असे. ते पिढ्यान्‌पिढ्या नव्या सुनेकडे येई. म्हणून ती रोज सकाळी अंगणाच्या कठड्यावर चिंचोके फोडत बसे आणि ऐके.

ऐकता ऐकता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सासरे शिंग फुंकत. तेवढ्यात समोरून शीळ येई. पठारावरच्या गुराख्याला दोन्हींचा काला ऐकू जाई, म्हणून तो गप्प राही. उत्तर नाही असं पाहून सासरे तोच निरोप पुन्हा, जास्त जोरात फुंकत. समोरच्यांची शीळ त्यात बुडे, की तेही तीच पुन्हा, जास्त कर्कश घालत. एक "जेवायला या" पोचवायला दुपार उलटे.

"शिट्ट्या कसल्या मारतात!" सासरे घाम पुसत म्हणत. "आपलं शिंग सात पिढ्यांचं. ह्यांची शीळ कालची."

माहेरचे लोक काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं: "अर्धा दिवस फुंकतात, आणि सांगतात काय? तर चांदी म्हैस व्यायली!"

म्हातारीची घंटा हल्ली ऐकू येत नाही, हे मात्र दोन्हीकडे कुणी म्हणत नव्हतं. न ऐकू येणाऱ्या गोष्टीची आठवण कुणाला राहते?

भाद्रपद सरत आला. सुनेला पहिल्या माहेरपणाला न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून येणार होता. आदल्या रात्रीच तिने गाठोडं बांधून ठेवलं होतं. सकाळी नेहमीसारखी ती कठड्यावर बसली. लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या उतारावरून डोक्यावर टोपली घेतलेला भाऊ उतरताना दिसला. इकडे सासऱ्यांनी शिंग तोंडाला लावलं. एक म्हैस सापडत नव्हती आणि हरवलेल्या म्हशीसाठी सलग सात वेळा फुंकायचा रिवाज होता. मधे थांबलं तर म्हैस परत येत नाही म्हणत. समोर शेळ्या डोंगरात चढवायची वेळ, म्हणून तिकडेही दहा जण शीळ घालत होते.

सुनेची नजर सहज ओढ्याच्या वळणाकडे गेली. म्हातारी खोपीच्या दारात उभी होती. तिचा हात हलत होता. थांबत होता, परत हलत होता. तीन तीन वेळा.

आवाज काही येत नव्हता.

वर डोंगरात रात्री पाऊस कोसळला असणार. भाऊ साकवापासून वीस-पंचवीस पावलांवर आला होता. तो चालता चालता मान वाकडी करून कानोसा घेत होता, ते तिला दिसत होतं. त्याला तीन टोल ऐकू आले नव्हते, म्हणून तो येत होता.

"मामंजी, थांबा!"

सासऱ्यांचं तिसरं फुंकणं चाललं होतं. त्यांना कुठलं ऐकू येणार? सून उठली. तिने पदर खोचला, पुढे झाली आणि शिंगाच्या तोंडावर सरळ आपला तळवा ठेवला.

शिंग घोगरं होऊन बंद पडलं. सासऱ्यांचे गाल फुगलेले तसेच राहिले. आणि ते काही बोलायच्या आत तिने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. एकच, आखूड. माहेरी गोंगाट करणाऱ्या पोरांना गप्प करायची ती शीळ होती: चूप, कान द्या.

आपली शीळ शिंगवाल्यांच्या अंगणातून कशी आली, ह्या नवलानेच समोरची वाडी गप्प झाली. कित्येक वर्षांनी दरी रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या हवेतून टिण, टिण, टिण असा एवढासा आवाज आला.

भावाचा एक पाय साकवावर होता. तो त्याने मागे घेतला. टोपली सावरत तो उतारावर दहा पावलं चढतो न चढतो, तोच वळणावरून तांबडं पाणी धडधडत आलं आणि साकवाची दोन्ही खोडं काडीसारखी घेऊन गेलं.

सासूबाई कठड्यापाशी आल्या. "सुनेनं शीळ घातली..." त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. "आणि बरं झालं, घातली."

म्हैस, सांगायचं राहिलं, दुपारी आपणहून घरी आली.

पाणी उतरल्यावर दोन्ही वाड्यांतले लोक म्हातारीच्या खोपीपाशी जमले. आधी अर्थातच भांडण झालं. कुणी म्हणालं, दरबारात जाऊ. म्हातारी म्हणाली, "जा की. तक्रार घेऊन यायचं नाही, हे राजा तुम्हाला परत एकदा सांगेल." कुणी म्हणालं, सकाळ शिंगाची आणि संध्याकाळ शिळेची. त्यावर एक गुराखी म्हणाला, "म्हशींना सांगा मग, सकाळीच हरवा म्हणून."

शेवटी ठरलं, की वाजवण्याआधी प्रत्येकाने कान द्यायचा. कुणाचं चालू असेल तर ते संपू द्यायचं, मग दहा श्वास मोजायचे आणि वाजवायचं.

दुसऱ्या दिवशी पठारावरून आलेलं एक शिंग संपायची वाट बघत दोन्ही वाड्या थांबल्या. ते संपलं. दोघांनीही इमानदारीने दहा श्वास मोजले आणि दोघांनीही अकराव्याला एकदम वाजवलं. पुन्हा दहा मोजले, पुन्हा एकदम. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी सासरे शिंग आपटून म्हणाले, "आता तर नियमाने गोंगाट होतोय!"

सुनेने चिंचोक्यांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. "मामंजी, मूठ घाला. जेवढे हातात येतील तेवढे श्वास थांबा. समोरच्यांनीही तसंच करायचं. तरी टक्कर झालीच, तर पुढची मूठ दोन्ही हातांची."

"मोजून का नाही घ्यायचे?"

"मोजून घेतले तर प्रत्येक जण एकच घेईल."

सासरे हसले नाहीत, पण समोरच्या वाडीत माणूस धाडला आणि सकाळी मूठ घातली. त्यांना सात आले. समोरच्यांना तीन आले असावेत, कारण शीळ आधी आली. ती संपेपर्यंत सासरे थांबले, मग एकदाच, बेताने फुंकलं. पठारावरून उत्तर पहिल्याच फटक्याला आलं. सासऱ्यांनी शिंग उलटसुलट करून पाहिलं, जणू ते कुणी बदललं होतं. पुढे शीळवाल्यांनीही आपणहून आपले सूर शिंगाच्या जाड आवाजापासून जरा वर नेले. आणि प्रत्येक निरोपानंतर एक श्वास दोघांनीही म्हातारीसाठी रिकामा सोडायचा, हेही ठरलं.

नवा साकव झाला. भाऊ पुन्हा मुराळी म्हणून निघाला, तेव्हा कुणी न सांगता सबंध दरी गप्प झाली.

टिण. एकच.

भाऊ साकवावरून चालत आला. सून गाठोडं घेऊन निघाली, तर सासरे कठड्यावर तिच्या जागी येऊन बसलेले. शिंग मांडीवर, शेजारी चिंचोके.

"मामंजी, तुम्ही इथे?"

"तू येईपर्यंत ऐकणार कोण मग?" ते म्हणाले. "जा तू. आणि पोचलीस की एक शीळ घाल. मी ऐकतोय."

तात्पर्य: जी हवा कुणा एकाची नाही, तिच्यात आवाज टाकण्याआधी कान टाकावा. मग मोठ्याचं अडत नाही आणि धाकट्याचं बुडत नाही.