एक्केचाळीस चित्रं आणि एक तुंगा

कोकणातल्या एका गावात विश्राम नावाचा कथेकरी राहायचा. चित्रं दाखवून गोष्ट सांगणं हे त्याच्या घराण्याचं काम. मांडीवर चित्रांचा गठ्ठा उभा धरायचा, एकेक चित्र पुढे आणायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. शेजारी बसून त्याची बायको सत्यवती हुडूक, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य, वाजवायची आणि त्याच्या गाण्यात सूर मिळवायची.

त्या गावची एक रीत होती. नवं चित्र पुढे आलं की समोर बसलेल्यांनी गोष्टीतल्या मुख्य माणसाला नावाने हाक मारायची. एका दमात आणि पोटातून. हाक आली म्हणजे गोष्ट जिवंत आहे. लागोपाठ तीन चित्रांना हाक आली नाही, तर कथेकऱ्याने गठ्ठा बांधून उठायचं. कोणी भांडायचं नाही, कोणी समजूत काढायची नाही.

गेल्या जत्रेत लागोपाठ दोनदा हाक चुकली होती. तिसऱ्यांदा कशीबशी आली. गोष्टी त्याच जुन्या. राजा वनात जाणार हे मुलांना पाठ, राणी रडणार हेही पाठ. मुलं अर्ध्यातून उठून पाळण्यांकडे पळाली. जत्रेचे मानकरी दाजीबा देवळाच्या पायरीवरून हे बघत होते. दाजीबा वाईट माणूस नव्हते. पण विश्राम बसायचा ती दीपमाळेखालची जागा एकच, आणि तिथे मोठा पडदा लावून सिनेमा दाखवायला बाहेरचा एक माणूस टपून बसला होता.

"विश्रामा, औंदा चालला," दाजीबा म्हणाले. "पुढच्या वर्सा गठ्ठो बांधूची पाळी इली, तर ही जागा तुझी ऱ्हवाची नाय."

पणजोबापासूनची जागा. त्या दिवसापासून विश्रामच्या जिवाला चैन पडेना.

नवी गोष्ट हवी होती. ती सापडली सत्यवतीला, सुपातले तांदूळ निवडता निवडता. गोष्ट अशी: अजून दोनशे वर्षांनी या गावच्या सगळ्या विहिरी आटतात. विहिरी खणणाऱ्या बाईची लेक तुंगा आपल्या आईची पहार खांद्यावर टाकते आणि अग्निबाणात बसून मंगळावर जाते. तिथली तांबडी माती खणते, खालचा बर्फ काढते, घागर भरते आणि गावाला परत येते. बस, एवढीच.

गोष्ट ऐकून विश्राम उडालाच. पण चित्रं कुठून आणणार? त्याच्या कुंचल्याला रथ आणि राजवाडे यांपलीकडे काही येत नव्हतं. मंगळ तर त्याच्या पणजोबानेही रंगवला नव्हता.

शहरात नोकरी करणारी त्याची पुतणी सुनेत्रा गणपतीला घरी आली होती. तिने त्याच्या मोबाइलमध्ये चित्रं काढणारं एक यंत्र घालून दिलं. "काका, तुमका काय होया ता हयसर लिवा," ती म्हणाली. "ता काढून देता."

विश्रामने एका बोटाने लिहिलं, 'तांबड्या ग्रहावर खांद्यावर पहार घेतलेली मुलगी.' चहा निवायच्या आत चित्र आलं. तांबडी माती, काळं आभाळ, दोन आखूड वेण्या, खांद्यावर पहार. विश्राम टुणकन उठला. सत्यवतीने हातातली पळी बाजूला ठेवून चित्र नीट पाहिलं.

"हीच तुंगा," ती म्हणाली. "अवो, आता हिकाच धरून चला."

विश्रामने तेव्हाच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मलाही पुढचं सांगावं लागलं नसतं. पण तो म्हणाला, "अजून एक बघूया."

अजून एक आलं. ते जास्त सुंदर होतं. मग अजून एक. जेवताना ताटाशेजारी मोबाइल. भातकापणीला बांधावर मोबाइल. लोकांच्या पायाला भिंगरी असते, विश्रामच्या बोटाला लागली. चित्र आलं की पाच क्षण आनंद व्हायचा. सहाव्या क्षणी वाटायचं, पुढचं याहून बरं येईल. हातातलं चित्र त्याने कधी पुरतं बघितलंच नाही.

यंत्राला पहार नेहमीच कळायची असं नाही. एकदा त्याने तुंगाच्या हातात भाला दिला. एकदा तलवार. एकदा तर बासरीच दिली. वेण्या कधी लांब झाल्या, कधी सोनेरी झाल्या, डोळे निळे झाले. विश्रामने ते चालवून घेतलं, कारण मागचं आभाळ फार देखणं होतं.

मग चित्रं गोष्टीला ओढू लागली. यंत्राने पोलादाचा पक्षी दिला, विश्रामने गोष्टीत पोलादाचा पक्षी घातला. यंत्राने काचेचा समुद्र दिला, गोष्टीत समुद्र आला. आठ हातांचा राजा आला, तरंगणारं जंगल आलं. विहिरी मागे पडल्या. घागर तर कुठे गेली ते कोणाला ठाऊक.

सत्यवतीला रोज नवं गाणं बांधावं लागे आणि दुसऱ्या दिवशी मोडावं लागे. शेवटी ती वैतागली.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली. "तुंगा खयची, कशी, तिका काय होया, ता आधी ठरवा. मगे त्या यंत्राक सांगा."

"पुढच्यात येयत गो बरी," विश्राम मान वर न करता म्हणाला.

एका चित्रासाठी मात्र तो अक्षरशः झुरला. सोन्याचं शहर, वर दोन चंद्र, खाली दऱ्यांतून वाहणारा उजेड. त्या एका चित्रामागे त्याने अकरा दिवस घातले. एक शब्द बदल, पुन्हा काढ. एक शब्द काढून टाक, पुन्हा काढ. अकराव्या दिवशी ते मनासारखं आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं एक चित्र त्याने खरोखर मनापासून बघितलं, असं त्याला वाटलं.

जत्रा तोंडावर आली. विश्रामने एक्केचाळीस चित्रं निवडली. निवडली कसली, टाकवली नाहीत तेवढी ठेवली. तालुक्याला जाऊन ती फ्लेक्सवर छापून आणली. पणजोबाच्या गठ्ठ्यात अठरा चित्रं असायची. हा गठ्ठा एकट्याला उचलवत नव्हता.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलल्यावर दीपमाळेखाली गर्दी जमली. मंगळाची गोष्ट म्हणून पाळण्यांवरची मुलंसुद्धा उतरून आली. दाजीबा पायरीवर बसले. सिनेमावाला त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला.

विश्रामने पहिलं चित्र धरलं. दोन आखूड वेण्या, खांद्यावर पहार.

"तुंगाऽऽ!" गर्दी ओरडली. देवळावरची कबुतरं उडाली.

दुसरं चित्र अग्निबाणाचं. पुन्हा हाक आली. तिसऱ्याला आली, पण थोडी उशिरा. चौथ्यात सोनेरी केसांची एक मुलगी तलवार घेऊन उभी होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेतली दोन मुलं ओरडली, तेही विचारल्यासारखं, "तुंगा?"

विश्रामने गाणं अर्ध्यात तोडलं आणि घाईने पाचवं चित्र पुढे आणलं. पोलादाचा पक्षी. लोक "वा!" म्हणाले.

हाक आली नाही.

विश्रामने सहावं चित्र काढलं. आठ हातांचा राजा, आणि त्याच्यापुढे निळ्या डोळ्यांची कोणी एक बाई. लोक पुन्हा "वा!" म्हणाले. हाक याही वेळी आली नाही.

दोन हाका गेल्या. दाजीबांनी मान खाली घातली. सिनेमावाल्याने घडी सोडून हात खिशात घातले.

गर्दीत मडकी विकायला बसलेली पार्वती कुंभारीण होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "विश्रामा, चित्रां झ्याक आसत रे. पण आमी हाक कोणाक मारूची?"

विश्रामचा हात गठ्ठ्यात शिरला होता. आता सोन्याचं शहर काढायचं! ते बघून दगडसुद्धा हाक मारील. त्याने ते ओढून अर्धं बाहेर काढलं आणि सवयीने एकदा त्याच्यावरून नजर फिरवली. पार्वतीचा प्रश्न अजून कानात होता. तो चित्रात तुंगाला शोधू लागला. मनोऱ्यांत शोधलं, दरीत शोधलं, चंद्राखाली शोधलं.

तुंगा त्या चित्रात नव्हतीच. अकरा दिवसांत एकदाही ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याला फार लाज वाटली. हे चित्र दाखवलं तर लोक मोठ्यांदा "वा!" म्हणतील, हे त्याला ठाऊक होतं. पण "वा!" म्हणजे हाक नव्हे. चित्र हातातून सोडवेना. त्याने सत्यवतीकडे पाहिलं. ती हुडूक गुडघ्यावर ठेवून वाट बघत राहिली.

विश्रामने सोन्याचं शहर जमिनीवर पालथं घातलं.

मग सगळ्यांसमोर गठ्ठा सोडून तो एकेक चित्र चाळू लागला. पोलादाचा पक्षी बाजूला. काचेचा समुद्र बाजूला. राजा, जंगल, तलवारी, बासरी, सगळं बाजूला. लोक चुळबुळ करू लागले. काही जण धोतर झटकून उभे राहिले. विश्रामने घाई केली नाही. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्याने प्रत्येक चित्र पुरतं बघितलं. पहिली तीन दाखवून झालेली होती. उरलेल्यांत पहार होती फक्त चार चित्रांत.

तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, ह्या चार चित्रांत पोरीचा तोंड सारखा नाय. चूक माझी, यंत्राची नाय. तुंगा कशी ता मी त्येका कधी सांगूकच नाय, कारण माकाच म्हायत नव्हता. आता सांगतंय. जिच्या खांद्यार आवशीची पहार, ती तुंगा."

त्याने चित्र धरलं. या मुलीच्या वेण्या लांब होत्या. पण पहार होती. मुलगी गुडघाभर तांबड्या मातीत उभी होती. लोक माना पुढे काढून बघू लागले.

"तुंगाऽ!" पार्वती ओरडली. आणि मग सगळेच ओरडले.

उभे राहिलेले लोक खाली बसले. सत्यवतीने सगळी नवी गाणी सोडली आणि तांदूळ निवडताना सुचलेलं पहिलं गाणं घेतलं. तुंगा खणते. पहार वाकते. ती दगडावर ठोकून सरळ करते आणि पुन्हा खणते. बर्फ लागतो. घागर भरते. चारही चित्रांना हाक आली आणि प्रत्येक वेळी ती वाढत गेली.

आता तुंगाने घरी यायचं होतं. विश्रामने हात गठ्ठ्याकडे नेला आणि तो तसाच थांबला. परतीचं चित्र त्याने काढलंच नव्हतं. मंगळावरच्या नवलाईत तो इतका रमला होता की पोरीला घरी आणायचंच विसरला होता. आणि गोष्टीतल्या गावात बाया घागरी घेऊन तिची वाट बघत होत्या!

त्याने सोन्याचं शहर पालथंच उचललं. त्याची मागची बाजू पांढरी कोरी होती. ती त्याने लोकांपुढे धरली.

"ह्यो आपलो गाव," तो म्हणाला. "विहिरी सुक्या पडल्यात. वाट मोकळी आसा. तुंगा अजून इली नाय. तुमी हाक मारल्यात तर येयत."

कोऱ्या फ्लेक्सवर काही म्हणजे काही नव्हतं. तरी अशी हाक त्या जागेने कधी ऐकली नसेल. मुलं ओरडली, बाया ओरडल्या, पाळणेवाला पाळणा थांबवून ओरडला. पायरीवरून एक घोगरा आवाज सगळ्यांच्या वर चढला. तो दाजीबांचा होता. ते उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, कोऱ्या पांढऱ्या फ्लेक्सकडे बघत तुंगाला घरी बोलावत होते.

विश्राम कोरा फ्लेक्स उंच धरून उभाच राहिला. शेवटची ओळ सत्यवतीने एकटीने म्हटली.

जागा राहिली. सिनेमावाला पलीकडच्या गावाला गेला, तिथे त्याचं बरं चाललंय. विश्राम अजूनही यंत्राकडून चित्रं काढून घेतो. पण आधी नवराबायको आठ-आठ दिवस भांडतात. वेणी किती लांब, पहार कुठल्या खांद्यावर, पोरगी हसते की नाही. भांडण मिटलं की मगच मोबाइल उघडतो. नवा गठ्ठा अठरा चित्रांचा आहे, आणि अठराव्या चित्रात तुंगा विहिरीपाशी घागर उतरवते.

सोन्याचं शहर आता त्यांच्या गोठ्याच्या खिडकीला बांधलंय. पावसाची झड अडवायला फ्लेक्ससारखी वस्तू नाही. गाय रवंथ करत दोन्ही चंद्रांकडे बघत असते. चित्र आहेच तसं सुंदर.

तात्पर्य: मागाल ते देणारा भेटला, तरी काय मागायचं आणि काय सोडायचं हे ज्याचं त्यानेच ठरवावं लागतं; ज्याला सुंदर गोष्ट सोडता येत नाही, त्याला आपली गोष्ट सांगता येत नाही.