गेल्या सालची मापं

वीस ट्रकांचे मालक रंगराव गुंजाळ तपासणीच्या आवारात आले, की त्यांच्यासाठी खुर्ची आपोआप पुढे सरकायची. त्या दिवशी एक ट्रक तपासणीला आणून ते ब्रेक तपासणाऱ्या वैजयंताबाई ढवळ्यांना बसल्या बसल्या म्हणाले, "चाकं कशाला खोलता, बाई? ब्रेकच्या लायनिंगची जाडी गेल्या साली मोजलीय. तेच आकडे उतरवा."

बाईंनी निमूटपणे चारही ब्रेकांसमोर जुने आकडे उतरवले आणि खाली शेरा मारला: नापास.

"अहो, आकडे तर फर्स्टक्लास आहेत!" रंगराव कडाडले.

"तेच तर. वर्षभर रोज घाट उतरून लायनिंग केसभरही झिजलं नाही. म्हणजे तुमचा ब्रेक लागतच नाही. असा ट्रक रस्त्यावर कसा सोडू?"

रंगराव खुर्चीतून उठले.

"जॅक आण रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "चाकं खोल."