टेबलाच्या पायाखालची केबल

यंत्रं माणसांदेखत गप्प बसायला शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका खेड्यातल्या दवाखान्यात राउटर आणि कॉम्प्युटर राहत. दोघांना जोडणारी एक निळी केबल होती.

एके दिवशी झाडावरून पडलेल्या मुलीचा एक्स-रे शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायचा होता. मुलगी हात धरून कण्हत होती आणि फोटो मुंगीच्या पावलांनी सरकत होता.

"मी सेकंदाला हजार मेगाबिटच्या वेगाने धावणारा," राउटर म्हणाला. "हा म्हातारा शंभरावरच अडतो."

"म्हातारा कोणाला म्हणतोस? मीही हजाराचाच आहे!" कॉम्प्युटर गुरगुरला.

"भांडण नंतर करा रे," म्हणत तंत्रज्ञ रेहानाने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. वेग शंभरच राहिला. वैतागून तिने दोघांनाही हजाराची सक्ती केली. त्याबरोबर संबंधच तुटला. आता दोघांना एकमेकांच्या शिव्याही ऐकू येईनात.

शेवटी रेहाना खाली वाकली. टेबलाचा पाय केबलवर होता आणि आतल्या आठ तारांपैकी दोन तुटल्या होत्या. शंभराला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. तिने नवी केबल लावली. एक्स-रे क्षणात पोहोचला आणि डॉक्टरांनी कळवलं, "हाड शाबूत आहे."

मुलगी हसली. राउटरने मात्र जुन्या केबलला दरडावलं, "आधी का नाही बोललीस?"

"बोलणार कशी?" केबल म्हणाली. "तुमचं सगळं भांडण माझ्यातूनच तर चाललं होतं!"