बोलावलंत तिथेच आलो

पेणचे नानासाहेब कर्णिक घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन होते, पण मिजास अशी, जणू घराण्याचे मालकच! स्वतःच्या एकसष्टीचं आमंत्रण त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि हात झटकले. थोरली बहीण शकूआत्या मात्र साधा बटणांचा फोन वापरायची. तिला आमंत्रण पोचलंच नाही.

पुतणी हेमांगी म्हणाली, "काका, आत्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. जाऊन बोलावणं करून या ना."

"दारोदार फिरायचे दिवस गेले. ग्रुपवर टाकलं म्हणजे बोलावलं. जो ग्रुपवर नाही, तो आपल्यात नाही!"

हेमांगीनं वाद घातला नाही. आत्याशिवाय एकसष्टी होऊ द्यायची नाही, एवढं तिनं तिथंच ठरवलं.

एकसष्टीच्या दिवशी नानासाहेब फेटा बांधून मंगल कार्यालयात बसले. वेळ टळून गेली तरी खुर्च्या रिकाम्याच. फोन मात्र सारखा वाजत होता. ग्रुपवर हार, केक, टाळ्या, फुगे, कशाला म्हणून तोटा नव्हता.

त्यांनी भडकून हेमांगीला फोन लावला. "कुठे उलथलात सगळे?"

"आम्ही केव्हाचे आलोय, काका. ग्रुपवर! बोलावलंत तिथेच आलो."

नानासाहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. हेमांगी पुढे म्हणाली,

"आणि प्रत्यक्ष हवे असू, तर सगळे आत्याच्या अंगणात बसलोय. इथे येऊन बोलवा."

थोड्याच वेळात नानासाहेब फेट्यासकट बहिणीच्या दारात उभे राहिले. आत्याच्या हातात औक्षणाचं तबक तयारच होतं, निरांजन लावलेलं. ओवाळायला तिनं ते वर धरलं आणि मध्येच थांबली.

"आधी बोलाव," ती म्हणाली.