सोपान सुशी खायला जातो

घाटाखालच्या एका गावात एक भोळा सोपान होता. सोपान नावाचे तसे तिथे तिघे होते, पण भोळा एकच. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. त्याच्या घरच्यांना तीच तर काळजी होती.

घरचे म्हणजे एकटी धाकटी बहीण, रोहिणी. आईवडील मागेच गेले. सोपाननं म्हशी सांभाळून, दूध घालून तिला शिकवलं. ती पुण्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच तन्मयशी तिचं जमलं. तन्मय चांगला होता. अडचण त्याच्या आईची होती. मृणालिनीबाई एकदा जपान फिरून आल्या होत्या आणि अजून पूर्ण परत आल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मुलीच्या भावाला जपानी हॉटेलात जेवायला आणा. माणूस कसा आहे ते जेवताना कळतं."

रिक्षात रोहिणीनं भावाला समजावलं. "दादा, त्या आज अंगठी आणणार आहेत. तू पसंत पडलास तर अंगठी माझ्या बोटात. नाही पडलास तर त्यांच्या पर्समध्ये परत. म्हणून नीट ऐक. समोर येईल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला. आणि खरंच आलं होतं.

हॉटेलात पाऊल टाकताच सगळे आचारी स्वागत म्हणून एकदम ओरडले. सोपाननं हात जोडले आणि तेवढ्याच मोठ्यानं "राम राम!" घातला. मृणालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

लांबलचक टेबलाच्या कडेनं एक पट्टा फिरत होता. त्यावर लहान लहान बशा बसून चालल्या होत्या, जत्रेतल्या पाळण्यात पोरं बसतात तशा. चौघं ओळीनं बसले. आधी मृणालिनीबाई, मग सोपान, मग रोहिणी, शेवटी तन्मय.

वेटरनं प्रत्येकापुढे एक पांढरी, गुंडाळलेली, गरम वस्तू ठेवली. वाफ निघत होती. सोपाननं ती उचलली आणि चावा घेतला. तुटेना. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. चघळत राहिला.

"जरा चिवट आहे," तो मृणालिनीबाईंना आदरानं म्हणाला, "पण रस भरपूर."

रोहिणी त्याच्या कानाशी कुजबुजली, "दादा, तो हात पुसायचा रुमाल आहे! गुंडाळलेलं आलं की उलगडायचं आणि हात पुसायचे."

"आलं ध्यानात."

मग सुशी आली. काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, मधे माशाचा तुकडा. सोपाननं ती नीट उलगडली आणि हात पुसले. घाम आला होता म्हणून मानही पुसली. भात मिशीला चिकटला, पापुद्रा गळ्याला. मधे मासा सापडला तो त्यानं वेटरला परत दिला.

"कुणाचं तरी राहिलंय यात," तो म्हणाला.

"रोहिणी," मृणालिनीबाई म्हणाल्या, "तुझे बंधू नेहमी असेच जेवतात का?" एवढं बोलेपर्यंत त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्यांमधून त्यांची सुशी तिसऱ्यांदा खाली पडली. पण ते आपण पाहिलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

रोहिणीनं सोपानचा गळा पुसला. "अरे, ते खायचं असतं! बशीतलं उचलायचं आणि अख्खं एका घासात तोंडात टाकायचं."

"आलं ध्यानात."

बशीत कोपऱ्यात हिरव्या चटणीचा एक गोळा होता, बोराएवढा. सोपाननं तो उचलला आणि अख्खा एका घासात तोंडात टाकला.

आधी काहीच झालं नाही. मग त्याच्या नाकातून कुणीतरी धावत बाहेर पडल्यासारखं झालं. डोळ्यांना धार लागली. कान लाल झाले. पण तोंड वाकडं करायचं नव्हतं, म्हणून तो सरळ तोंडानं रडत राहिला.

मृणालिनीबाईंनी ते पाहिलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बहीण सासरी जाणार म्हणून रडताय?"

सोपानला बोलता येईना. त्यानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

"माझाही भाऊ माझ्या लग्नात असाच रडला होता," मृणालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून रुमाल काढला. रुमालाखाली लाल मखमली डबी दिसली. रोहिणीनं टेबलाखाली तन्मयचा हात घट्ट धरला.

सोपान पाणी प्यायला, त्यानं डोळे पुसले आणि पाहिलं तर मृणालिनीबाईंच्या बशीत काहीच नव्हतं. सगळं काड्यांतून निसटलं होतं. आपल्या गावात पाहुणी उपाशी उठली तर वर्षभर तोंड दाखवता येत नाही. त्यानं पट्ट्यावरच्या बशा भराभर उचलल्या आणि त्यांच्यापुढे रिकाम्या करायला सुरुवात केली.

"घ्या मावशी, एवढं एकच! लाजू नका! माझ्या गळ्याची शप्पथ आहे!"

"अहो, पुरे! पुरे!" मृणालिनीबाई ढिगाऱ्यामागून म्हणाल्या. "इथे कुणी कुणाला वाढत नाही. जे असेल ते पट्ट्यावरून समोर येतं. ज्याचं त्यानं उचलायचं. ही जपानी शिस्त आहे."

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला. आणि हे तर अगदी पक्कं आलं.

तरी त्याचे अश्रू त्या ढिगाऱ्यापेक्षा जड भरले. मृणालिनीबाईंनी लाल डबी काढली आणि सोपानच्या हातात ठेवली. "सोपानराव, रोहिणीला वडीलधारे तुम्हीच. अंगठी आमची, पण तुमच्या हातून तिला मिळू दे."

रोहिणी आनंदानं उठली आणि आधी सासूबाईंच्या पाया पडायला गेली. तन्मयनं मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. "अखंड सौभाग्यवती भव," मृणालिनीबाई म्हणाल्या.

सोपाननं डबीकडे पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. आणि डबी पट्ट्यावर ठेवली.

डबी रोहिणीच्या रिकाम्या खुर्चीसमोरून गेली. तन्मयच्या कोपराखालून गेली. दोन बशांच्या मधे बसून ती पुढच्या टेबलापर्यंत पोचली. तिथे एक मुलगा आणि एक मुलगी जेवत होते. मुलीनं डबी उचलली आणि उघडली.

"अय्या! मघापासून नुसतं ऑफिसबद्दल बोलतोयस, आणि मनात हे होतं?" तिनं अंगठी बोटात घातली आणि डबी मिटून परत पट्ट्यावर ठेवली. "हो! माझं हो आहे!"

मुलगा आ वासून बघत राहिला. सगळं हॉटेल टाळ्या वाजवायला लागलं. आचारी पुन्हा ओरडले. सोपान पुन्हा "राम राम!" म्हणाला.

मृणालिनीबाईंना उठून सांगता आलं असतं की अंगठी माझी आहे. पण सगळे बघत होते. जपान पाहिलेल्या बाईनं परक्या मुलीच्या बोटातली अंगठी मागायची, तीही भर हॉटेलात? त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हळूहळू.

मग त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या, "सोपानराव! ती अंगठी रोहिणीची होती!"

"होती की. पण तिनं उचलली नाही. ज्याचं त्यानं उचलायचं, तुम्हीच म्हणालात."

"मग आता मी हिच्या बोटात काय घालू? अंगठी नाही, तर काही ठरलंच नाही!"

रोहिणीचा चेहरा उतरला. तन्मयनं मोबाईल आईपुढे धरला. "आई, तू आशीर्वाद दिलायस. हा बघ व्हिडिओ. दिलेला आशीर्वाद काही परत घेता येत नाही."

मृणालिनीबाईंनी व्हिडिओ पाहिला. त्यात त्या छान दिसत होत्या. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या, ढिगाऱ्यातली एक सुशी सरळ हातानं उचलून खाल्ली आणि म्हणाल्या, "ठरलं म्हणा. पण अंगठी गेली ती गेलीच."

"जातेय कुठं मावशी?" सोपान म्हणाला. "पट्टा गोल आहे. फिरून येईल."

आणि लाल डबी खरोखरच फिरून आली. चौघं एकदम पुढे वाकले. सोपाननं ती उचलली, उघडली. आत काहीच नव्हतं.

त्यानं डबी उलटी करून पाहिली. मग पुढच्या टेबलाकडे पाहिलं. ती मुलगी आता आनंदानं रडत होती. सोपानच्या सगळं ध्यानात आलं. तो ताडकन उठला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला,

"ताई, घाबरू नका! ती हिरवी चटणी अख्खी एका घासात खाल्ली की असंच होतं! नाक जळतं, रडू येतं, पण सासूबाई फार खूश होतात!"